शिसं पुन्हा खडपात राहिलं? आधी तुटलेलं टोक बघा

दोना पावलाची जेटी, शिकेरीच्या किल्ल्याचा समुद्राकडचा कठडा किंवा हणजूणचं खडप, म्हणजे खडकाळ किनारा, कुठेही संध्याकाळी गरवणाऱ्यांजवळ, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांजवळ, तासभर उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर येतं: "गेलं रे परत!" गेलं म्हणजे शिसं (दोरी बुडवणारं वजन), गळ, स्विव्हल (दोरीचा पीळ सोडणारी फिरती कडी) आणि वाईट दिवस असेल तर नवाकोरा लूर, म्हणजे खोटं आमिष. मग पिशवीतून दुसरं शिसं निघतं, तीच गाठ मारली जाते आणि त्याच जागी पुन्हा फेकलं जातं. अर्ध्या तासात पुन्हा तेच वाक्य. दोष दगडाला, दोरीच्या कंपनीला, नाहीतर सकाळी कुणाचं तोंड बघितलं त्याला. महिनाभरात पाण्यात गेलेल्या लूरांचा हिशेब मांडला तर म्हापशाच्या बाजारातून बऱ्यापैकी मोठं चोणक घरी आलं असतं.

सतत सामान जातं त्याची कारणं दोन. एक, दोरी तुटल्यावर हातात परत येणारं टोक कुणी बघत नाही. कापून फेकतात आणि नवी गाठ मारतात. दुसरं, अडकल्यावर दोरी कुठे तुटावी हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून दगड ठरवतो. आणि दगड ठरवतो तेव्हा तो सगळंच ठेवून घेतो.

टोक काय सांगतं

दोरी तुटली की शेवटची वीतभर नखावरून ओढून बघा. चष्मा लागत असेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा, लाजायचं कारण नाही.

टोकाला पिळाची वेटोळी दिसत असतील तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटून आली. वेढे कमी पडले, नीट बसले नाहीत किंवा शेपूट फार आखूड कापलं. इथे महाग दोरी घेऊन काहीही होणार नाही.

वेटोळं नाही, पण अगदी गाठीच्या जागी तुटलंय आणि टोक पांढरट, चपटं दिसतंय? मग गाठ कोरडी आवळली होती. तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, स्वतःवरच घासून आवळली जाते तेव्हा तेवढ्यापुरती तापते, आणि तापलेला नायलॉन तिथेच कमजोर होतो. थुंकी लावून हळू आवळायची हे सगळ्यांना माहीत असतं. अंधार पडायला लागला आणि शेजाऱ्याच्या गळाला पालू लागला की नेमकं तेवढंच राहून जातं.

टोक खरखरीत आहे आणि वर हातभर दोरीवर पांढरे ओरखडे आहेत, तर दगडाने घासून खाल्ली. स्वच्छ, तिरका, ब्लेडने कापल्यासारखा काप असेल तर कालव किंवा शिनाण्याची (खडकावरच्या शिंपल्याची) धार, नाहीतर माशाचे दात. तोणकी, बाळे आणि इसवण दोरी अशी कापतात हे ठाऊक असतंच. केंडाचा, म्हणजे पोट फुगवणाऱ्या माशाचा, संशय मात्र कुणी घेत नाही. खाडीत ओढ लागल्याचं कळतही नाही, दोरी गुंडाळता तर गळ गायब आणि टोक साफ. आमिष बदलून तीन वेळा असंच झालं तर गाठीला दोष देऊ नका, जागा बदला. केंड असताना जाडजूड लीडर, म्हणजे गळापुढचा वेगळ्या दोरीचा तुकडा, लावून फारसं साधत नाही.

शेवटचा प्रकार: दोरी मधेच, गाठीपासून बरीच वर, बहुतेक वेळा फेकताना तुटते. याचा खडपाशी संबंधच नसतो. त्याबद्दल शेवटी.

गाठ सुटते तेव्हा

बहुतेकांना एकच गाठ येते. गळाच्या नेढ्यातून दोरी काढायची, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून आणि मग मोठ्या फटीतून काढून आवळायचं. ही क्लिंच. ०.३० ते ०.४५ मिलिमीटरच्या तंगुसावर ती चांगली आहे. घोटाळा होतो तो जाड तंगुसावर आणि ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोरीवर. ०.६० च्या पुढची तंगूस इतकी ताठ असते की सहा वेढे एकमेकांवर नीट बसतच नाहीत. हात थकतो, आपण "बसली" म्हणतो, आणि पहिल्याच जोराच्या झटक्याला ती सरकते. जाड दोरीला वेढे कमी, तीन-चारच द्यायचे. पक्कड घेऊन शांतपणे आवळायचे.

ब्रेडेडची गोष्ट उलटी. ती गुळगुळीत असते, स्वतःला धरून ठेवत नाही. तंगुसासाठीची क्लिंच ब्रेडेडवर मारली की ती कधी सुटते एवढाच प्रश्न उरतो. ब्रेडेडला पालोमार मारा: दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढायची, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारायची, राहिलेल्या फासातून अख्खा गळ किंवा स्विव्हल पार करायचा आणि ओलं करून आवळायचं. यात एकच गोष्ट बघायची, दुहेरी दोऱ्या एकमेकींवर चढलेल्या नकोत. चढल्या तर एक दुसरीला कापते. मोठ्या लूरला पालोमार मारणं कटकटीचं होतं, तीन तोंडांचे गळ फासात अडकतात. तिथे युनि नावाची गाठ बरी, तंगुसाला पाच वेढे आणि ब्रेडेडला आठ.

ब्रेडेडला लीडर जोडायचा असेल तर एफजी गाठ सगळ्यात सडपातळ होते आणि रॉडच्या रिंगांमधून न अडखळता जाते. पण ती घरी पंख्याखाली बसून मारायची गाठ आहे. पश्चिमेचा वारा सुटलाय, पाय ओल्या दगडावर आहेत आणि ब्रेडेड उडतेय, अशा वेळी अर्धवट बसलेली एफजी मारण्यापेक्षा दुहेरी युनि मारा. जराशी जाड होते, पण तुमच्या हातून नीट बसते. कुठली गाठ सर्वांत मजबूत यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर, अंधारात डोळे मिटून जी नीट मारता येते तीच तुमची गाठ.

आमिषाचा गळ असेल तर दोरी नेढ्यातून काढून गळाच्या दांड्याभोवती वेढे देऊन बांधा. ओढ सरळ दांड्यावर येते आणि नेढ्याच्या धारदार कडेवर दोरी घासत नाही. स्वस्त गळांची नेढी पूर्ण मिटलेली नसतात. त्या फटीत दोरी शिरली की कितीही चांगली गाठ असली तरी कापली जाते. विकत घेतानाच नखाने फट तपासा.

आणि शेपूट. कात्री लावताना गाठीला घासून कापायची सवय असते, छान दिसतं म्हणून. दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. पहिल्या मोठ्या ओढीला प्रत्येक गाठ थोडी सरकून बसते, तिला सरकायला तेवढी जागा लागते.

खडपावर सामान का जातं

गोव्याच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जांभा आहे आणि जांभ्याला भोकंच भोकं. पाण्याने झिजून त्या भोकांचे कप्पे आणि बोगदे होतात. वरून त्यावर कालवं आणि शिनाणे बसलेले. वागातोर, हणजूण, काब द रामच्या पायथ्याचे दगड यांत शिसं पडलं की ते सरळ वर येणं हाच अपवाद. मासे तिथे असतात तेही याच कारणाने: गोबऱ्याला बीळ हवं, तामशाला आडोसा, पालूला दगडावरची शिंपलं. म्हणजे अडकण्याची जागा आणि माशाची जागा एकच. खडप सोडून वाळूवर जा, हा सल्ला देणाऱ्याने गरवलेलं नाही.

म्हणून अडकणं टाळण्यापेक्षा अडकल्यावर काय काय जाणार हे ठरवणं जास्त उपयोगी. उतरती भांडी असतात तशी ताकद मांडायची: मुख्य दोरी सर्वांत मजबूत, त्याखाली लीडर, त्याहून थोडी कमजोर गळाची दोरी, आणि सगळ्यांत कमजोर शिशाची दोरी. मुख्य तंगूस ०.४० ची असेल तर शिसं ०.२५ च्या वीत-दीड वीत तुकड्यावर बांधा. गळ शिशाच्या वर, बाजूच्या फांदीवर. आता शिसं बिळात बसलं तर ओढल्यावर फक्त ते जातं. गळ, स्विव्हल आणि गळाला लागलेला मासासुद्धा परत येतो. वेगळी बारीक दोरी जवळ नसेल तर शिशाच्या दोरीत मधे एक साधी गाठ मारून ठेवा, नेहमीची, काहीच कौशल्य नसलेली. अशी साधी गाठ दोरीची ताकद इतकी खाते की ती तिथेच तुटते. वाईट गाठीचा एवढा एकच चांगला उपयोग मला माहीत आहे.

यावर आक्षेप ठरलेला: कमजोर दोरीवर शिसं फेकलं तर फेकतानाच तुटून जाईल. जोर लावून फेकलंत तर हो, जाईल. पण खडपावर एवढं लांब फेकायचंच कशाला? किनाऱ्यावर उभं राहून साठ-सत्तर मीटर फेकायचं आणि मासा पायाखालच्या दगडाच्या कडेला, हे रोज दिसतं. पालू आणि तामसो खडपाच्या उतारालाच चरतात. हाताखालून झुलवून पंधरा-वीस मीटरवर हलकं सोडा, ०.२५ ची दोरी ते सहज सोसते. शिवाय जितकी दोरी जास्त बाहेर, तितकी ती जास्त दगडांवरून घासत येणार.

शिसंच हवं असं काही नाही. कुठल्याही गॅरेजमध्ये जुने स्पार्क प्लग मागितले तर मिळतात, पुढची फट पक्कडीने दाबून बंद केली की झालं. लोखंडी नट त्याहून चांगले. स्वस्त असतात, राहिले तर समुद्रात गंजून जातात, आणि शिशाचं विष मागे राहत नाही. आकाराचा फरकही पडतो. गोल शिसं घरंगळत जाऊन सर्वांत खोल भेगेत बसतं. चपटं शिसं गुंडाळायला लागताच पाण्यात वर उचललं जातं, त्यामुळे दगडांच्या डोक्यावरून येतं. पण त्यासाठी रॉडचं टोक वर करून पहिले काही वळसे झपाट्याने घ्यावे लागतात. सावकाश गुंडाळणारा प्रत्येक भेगेची चौकशी करत येतो.

भरती पूर्ण असेल आणि खडपावर दोन-तीन मीटर पाणी असेल तर तळाला शिसं ठेवण्याचा हट्ट सोडा. सरकता तरंगा लावा, त्याच्या वर दोऱ्याची छोटीशी अडगाठ मारून खोली ठरवा, आणि आमिष तळापासून हातभर वर राहू द्या. गळ तीन तोंडांचे काढून एक तोंडाचे लावा. आमिषासाठी टोक आत वळलेला सर्कल गळ घ्या. त्याचं टोक दगडापेक्षा माशाच्या जबड्यातच जास्त अडकतं. फक्त त्याला झटका द्यायचा नाही, मासा ओढून चालू लागला की दोरी ताणत न्यायची. लूरवाल्यांसाठी तरंगता मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा लूर, हा सोपा उपाय आहे. दगडाला टेकल्यासारखं वाटलं की गुंडाळणं थांबवा, दोरी सैल करा. तो स्वतः वर येतो. बुडणारा लूर तसं केलं तर अजून आत जाऊन बसतो.

लीडरबद्दल एक गोष्ट इथेच. फ्लुरोकार्बनची दोरी पाण्यात दिसत नाही म्हणून लोक जादा पैसे मोजतात. त्याचा वक्रीभवनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३, त्यामुळे तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो हे खरं. पण मांडवी-झुआरीच्या गढूळ पाण्यात कोण बघतंय? तिथे त्याचा खरा फायदा कडकपणा, ओरखडे कमी पडतात. तोटा असा की तो नायलॉनहून बराच जड, म्हणून लवकर बुडून दगडांवर पसरतो. तरंग्याखाली किंवा उथळ खडपावर मी जाड तंगुसाचाच लीडर वापरतो. ब्रेडेड थेट खडपावर नेणं मात्र कधीच नाही. ती ताणात कितीही ताकदवान असली तरी कालवाच्या धारेला टेकली की संपली. निदान दीड-दोन मीटर लीडर पुढे हवाच.

ओहोटीला मोकळ्या हाताने या

हे कुणी करत नाही आणि यानेच सर्वांत जास्त सामान वाचतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात गोव्यात भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा होतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगात जेमतेम मीटरभर. म्हणजे उधाणाच्या ओहोटीला जो दगड उघडा पडतो तो भांगाच्या दिवसांत तुम्हाला कधीच दिसणार नाही, पण तुमच्या शिशाला दिसतो. जुन्या लोकांचा हिशेब माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. त्यावरून उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला येते. गोव्यातल्या दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा जास्त खाली जाते, म्हणून नेमकी कुठली ते मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघा.

त्या वेळी रॉड घरी ठेवा आणि आपल्या नेहमीच्या जागी उभं राहून फोटो काढा. समोरची काहीतरी खूण चौकटीत घ्या: दीपगृह, डोंगराची सोंड, झाप. वाळूचे पट्टे कुठे, दगडांमधली चर कुठून कुठे जाते, बुडालेल्या दोऱ्या नि जाळी कुठे अडकलीत. चर समुद्राकडे उघडी असेल तर तिच्या तोंडाशी फेकून चरीतूनच गुंडाळत यायचं. आडवं ओढलं तर कड लागणारच. आणि तेवढ्यात खिशात पक्कड असेल तर लोकांचं राहिलेलं सामान गोळा होतं. माझ्या डब्यातलं निम्मं शिसं कुणाचं तरी आहे.

गरवण्याची वेळ भरतीचा शेवटचा भाग आणि ओहोटीची सुरुवात. ओहोटी बरीच उतरल्यावर दगडांच्या कडा वर येतात, दोरी त्यांवर टेकते, आणि सामान जाण्याचं प्रमाण एकदम वाढतं. तेव्हा उठावं.

नदीत अडकण्याची तऱ्हा वेगळी

पुलाखाली आणि खाडीत दगड कमी, पण खांबांवर कालवांचा थर, खारफुटीची मुळं, जुने खुंट, सोडून दिलेली जाळी. शापोऱ्यावरच्या शिवोलीच्या पुलाखाली असो की साळीच्या मुखाशी बेतुलला, इथे शिसं जागेवर राहत नाही, प्रवाह त्याला ढकलत खांबाकडे नेतो. खांबाच्या वरच्या बाजूला उभं राहून फेकलं की शिसं घसरत खांबालाच जाणार. खालच्या बाजूने, प्रवाहाच्या विरुद्ध फेका, म्हणजे वाहून आलं तरी मोकळ्या पाण्यात येतं. जड शिसं लावण्याचा मोह होतो; त्याऐवजी दोरी बारीक करा, पाणी कमी ढकलेल.

चोणकासाठी मात्र बारीक दोरीचा नियम लीडरला लावू नका. चोणकाच्या कल्ल्यांवरचं झाकण धारदार असतं, आणि गळाला लागताच तो खांबाकडे धाव घेतो. ०.७० ची तंगूस तरी पुढे असू द्या. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळाने दोरी सोडावी ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवतात, साध्या वजनकाट्याला दोरी बांधून ओढून बघता येतं. खांब जवळ असेल तर मी थोडा जास्त घट्ट ठेवतो, त्यात कधी गाठ जाते, पण सैल ठेवला तर मासा नक्की जातो.

कुंभारजुव्याच्या कालव्यात अडकलेला लूर काढायला पाण्यात पाय घालू नका. तिथे मगरी आहेत. लूर दुसरा मिळतो.

अडकलंच, आता?

झटके देऊ नका. पहिला झटका गळ दगडात रुतवतो, पुढचे सगळे त्याला ठोकून बसवतात.

दोरी पूर्ण सैल सोडा आणि दोन-चार लाटा जाऊ द्या. शिसं भेगेत फक्त टेकलेलं असेल तर परतीची लाट त्याला बाहेर काढते. नाही निघालं तर हलक्या ताणावर रॉडचं टोक थरथरवा. नंतर रिळाच्या वरची दोरी बोटाने धनुष्याच्या दोरीसारखी ओढून एकदम सोडा. तो धक्का उलट्या दिशेने जातो आणि लूर मागे सरकतो. त्यानेही नाही झालं तर चाला. डावीकडे वीस पावलं, मग उजवीकडे. बरीचशी अडकलेली सामानं फक्त ओढीची दिशा बदलल्याने सुटतात, आणि लोक जागचे हलत नाहीत कारण मागे जागा दुसरा घेईल. नदीत असाल तर बेल, म्हणजे रिळावरची दोरी अडवणारी तार, उघडून भरपूर दोरी वाहू द्या. प्रवाह तिचा फुगा अडकलेल्या जागेच्या पलीकडे नेतो आणि ओढ उलट बाजूने बसते.

अडकल्यासारखं वाटतंय, पण मधूनच बारीक थरथर लागते? तो दगड नाही, बिळात शिरून कल्ले फुगवून बसलेला गोबरो आहे. ओढाल तितका तो घट्ट बसतो. दोरी सैल करून रॉड बाजूला ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा, विडी-चहा काय असेल ते घ्या. ताण गेला की तो पुष्कळदा स्वतःच बाहेर सरकतो. दोरी चालायला लागली की मग एका दमात वर.

तोडायची वेळ आली तर रॉड वाकवून तोडू नका, टोक मोडतं. रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरा, दोरी एखाद्या लाकडाच्या तुकड्यावर किंवा जाड फडक्यावर गुंडाळा आणि मागे चालत जा. हाताभोवती कधीच नाही, ब्रेडेड बोट हाडापर्यंत कापते. तोंड फिरवून उभे राहा. ताणलेल्या तंगुसावरून सुटलेलं शिसं सरळ तुमच्याकडे येतं, समुद्राकडे नाही. मागे पर्यटक उभे असतील तर त्यांना आधी बाजूला करा, ते हसतील, हसू द्या.

लूर काढायला खडपावरून खाली उतरण्याचा विषय पावसाळ्यात काढूच नये. एरवीसुद्धा एक मोठी लाट पुरते, आणि कालवाने कापलेला पाय चांगलाच चिघळतो.

तुटून आलेली दोरी खिशात घाला, तिथे टाकू नका. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. तंगुसाचं वेटोळं कासवाच्या मानेला किंवा बगळ्याच्या पायाला अडकलं की सुटत नाही.

आणि नवीन गाठ मारण्याआधी मुख्य दोरीचे शेवटचे दोन हात कापून टाका. ओढून ओढून ताणलेली, घासलेली दोरी वरून चांगली दिसते. लोक इथे दोरी वाचवतात आणि पुढच्या फेकीला लूर घालवतात.

फेकतानाच तुटते ती

आता तो राहिलेला प्रकार. शिसं हवेत सुटून जातं, दोरी मधेच तुटलेली. जेटीवर हे धोक्याचं, कारण शंभर ग्रॅमचं शिसं कुणाच्या कपाळावर जाईल सांगता येत नाही.

वाळूवर लांब फेकायचं असेल तर जाड शॉक लीडर हवा. ठोकताळा असा: दर २८ ग्रॅम शिशाला १० पौंडांची ताकद. म्हणजे ८५ ग्रॅम शिशाला ३० पौंडांचा लीडर, आणि त्याची लांबी इतकी की फेकताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर राहतील. मिरामारला लोक ०.३५ च्या दोरीवर थेट शंभर ग्रॅम लावून पूर्ण जोराने फेकतात, तेव्हा मी जरा लांब उभा राहतो.

लीडर बरोबर असूनही तुटत असेल तर वाऱ्याने पडलेली गाठ शोधा. सैल गुंडाळलेल्या रिळावर ब्रेडेड फेकताना स्वतःच गाठी पाडते. दोरी बोटांतून सरकवत बघा. गाठ असेल तर सोडवत बसू नका, कापा. तंगूस जुनी असेल, उन्हात गाडीच्या डिकीत वर्षभर पडलेली असेल, तर ती पांढुरकी आणि कडक होते, तीही फेकताना जाते. सूर्यप्रकाश नायलॉन खातो.

आणि तरीही, नवी दोरी, नीट गाठ, ओला करून आवळलेला लीडर, सगळं असून दर वेळी साधारण त्याच लांबीवर तुटत असेल, तर रॉडच्या रिंगा बघा. आतला चिनी मातीचा कडा स्कूटरवर नेताना आपटून तडकतो, तडा डोळ्याला दिसत नाही. कानकाडीचा कापूस प्रत्येक रिंगेच्या आतून गोल फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील ती रिंग बदला. टोकाची रिंग असेल तर गरम करून काढता येते आणि नवी गोंदाने बसते, दुकानातला माणूस तुमच्यासमोर करून देतो. मधली असेल तर दोऱ्याने पुन्हा बांधावी लागते, त्याला दोन दिवस लागतात. तोपर्यंत तो रॉड पाण्यावर नेऊ नका.